चौथा आकडा

रेहाना दारात येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या हातात तापून लाल झालेला काचेचा सांधा होता. मी मान न वळवता एक बोट वर केलं. म्हणजे थांब. आमच्या कार्यशाळेचा तो नियमच होता. काच ज्योतीत असेल तोवर फुंकणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. लक्ष हललं की सांधा वाकडा बसतो, आणि वाकडा सांधा थंड होताना तडकतो.

ती थांबली. मी बाहेरची नळी आतल्या नळीला जोडली, ज्योत मंद केली, फिरवत फिरवत काच काजळी धरेपर्यंत निववली. पाच मिनिटं गेली असतील, सात गेली असतील. सांधा मनासारखा बसला होता. मी शीळसुद्धा घातली, हे मला आठवतं. मग नळी खाली ठेवली आणि म्हटलं, "बोल."

"मामा, आधी बर्नर बंद करा," ती म्हणाली.

माझी बायको शालन पुण्याहून एस.टी.नं परत येत होती. साताऱ्याला सगळे चहाला उतरले, ती उतरली नाही. कंडक्टरला वाटलं, झोपली आहे. कराड आलं तरी ती हलली नाही तेव्हा त्यानं खांद्याला हात लावला. पिशवीत तिचं ओळखपत्र होतं, म्हणून फोन घरी न येता, आम्ही दोघं नोकरीला होतो त्या संस्थेच्या ऑफिसात आला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. ती एक्केचाळीस वर्षांची होती.

पुढे कधीतरी मी रेहानाला विचारलं, एवढी बातमी घेऊन तू दारात गप्प उभी कशी राहिलीस. ती म्हणाली, "शालनमॅडमनीच शिकवलंय. काच ज्योतीत असली की बोलायचं नाही."

ज्या नळीचा सांधा मी जोडत होतो ती शालनसाठीच होती. पुढचं सगळं त्या नळीवरून झालं, म्हणून ते आधी सांगतो.

मी शिकलेला माणूस नाही. वडील ओगलेवाडीच्या काचकारखान्यात होते. त्यांच्या हाताखाली फुंकायला शिकलो आणि सांगलीच्या विज्ञानवर्धिनी संस्थेत काचकामाला लागलो. शालन तिथंच रसायनाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. आमचं लग्न झालं तेव्हा ती बी.एस्सी. होती, मी दहावी नापास. ती शिकत राहिली. एम.एस्सी. झाली, शिकवायला लागली, आणि पस्तिसाव्या वर्षी विभागप्रमुख हेर्लेकर सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं. आम्हाला मूल नव्हतं. घरी दोघंच, त्यामुळे तिचं रसायन जेवताना माझ्या ताटात यायचं.

तिचा विषय मी तिच्या शब्दांत सांगतो. माणसाच्या पेशीत डीएनए असतो, पिळलेल्या शिडीसारखा. त्या शिडीच्या पायऱ्या चार तऱ्हेच्या रेणूंच्या: सायटोसिन, ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन. या रेणूंवर नायट्रोजनच्या जागा असतात, आणि तिथं चांदीसारख्या धातूचा आयन येऊन बसतो. किती घट्ट बसतो, त्याचा एक आकडा असतो. चार रेणू, चार आकडे. ते काढायचे.

"पण बसलेला दिसतो कसा?" मी विचारलं होतं.

"एस.टी.त जागेवर रुमाल टाकलेला असतो की नाही? तसा त्या जागेवर हायड्रोजन आधीच बसलेला असतो. चांदी येते आणि त्याला उठवते. उठलेला हायड्रोजन पाण्यात येतो, पाणी आंबट होतं. आंबटपणा मोजायचा. किती जण उभे राहिले ते मोजलं की किती जण नव्यानं बसले ते कळतं."

"म्हणजे तू कंडक्टर."

"बिनपगारी," ती म्हणाली.

तो आंबटपणा मोजायला काचेच्या दोन दांड्या द्रावणात बुडवाव्या लागतात. त्यातल्या एका दांडीच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचं पाणी असतं, मिठाच्याच जातीचं, आणि बुडाला टाचणीच्या टोकाएवढी पाझरायची जागा. तिथून ते थेंबाथेंबानं झिरपतंच. झिरपलं नाही तर यंत्र चालत नाही. बाकी कामांत त्यानं काही बिघडत नाही. पण चांदी आणि मीठ एकत्र आलं की पांढरा साका होतो, हे अकरावीचं पोरगंही सांगतं.

हेर्लेकर सरांनी तिच्या आधी सात वर्षं हेच मोजमाप साध्या दांडीनं केलं होतं. प्रयोग तीन-तीन तास चालायचा आणि शेवटी बीकरमध्ये पांढरट ढग जमायचा. सरांनी पेपरात लिहिलं की चांदी सायटोसिनला धरते, पण सैल धरते, आणि दोघांचं मिळून जे होतं ते साका होऊन खाली बसतं. त्या पेपरावर सरांचं नाव झालं. पुढे त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या बीकरमध्ये तो ढग यायचा, आणि प्रयोग बरोबर चालल्याची ती खूणच झाली. ढग आला की चहा सांगायचे.

रेहाना मुल्ला मिरजेची. तीही सरांकडेच पीएच.डी. करत होती आणि शालनच्या शेजारच्या ओट्यावर काम करायची. एक दिवस ती सायटोसिन घालायलाच विसरली. तीन तास यंत्र चालवलं, ढग आला, चहासुद्धा सांगितला. मग तराजूपाशी पाहते तर सायटोसिनची पुडी तशीच, तोललेली, उघडलेली नाही.

शालन आधी तिच्यावर रागावली. मग तिनं बीकर हातात घेतला आणि उजेडाला धरून पाहिला. त्या दुपारी ती माझ्याकडे आली, वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलनं चित्र काढलं आणि म्हणाली, "अहो, त्या दांडीला बाहेरून एक काचेचा अंगरखा घालायचाय. मध्ये शोऱ्याचं पाणी भरू, त्यानं चांदीचा साका होत नाही. मीठ पाझरलं तर त्या अंगरख्यात पाझरू दे. माझ्या बीकरमध्ये यायला नको."

मी चार फोडले, पाचवा जमला. त्या अंगरख्यानं ढग यायचा बंद झाला आणि आकडा बदलला. सायटोसिनचा तिचा आकडा सरांच्या आकड्याहून दशांश सहानं जास्त आला. मी म्हटलं, एवढ्याशा दशांशाचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, हा आकडा भूकंपाच्या रिश्टरसारखा असतो, दशांश सहा म्हणजे चौपट घट्ट. सरांचं मीठ चांदी खात होतं, त्यामुळे सायटोसिनला धरायला चांदीच उरत नव्हती.

तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, पाझरतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण ते नगण्य असतं, पुन्हा करा. तिनं अकरा वेळा केलं. अकराही वेळा आकडा तोच. मग ॲडेनिन झालं, थायमिन झालं. राहिलं ग्वानिन. ते नुसतं पाण्यात विरघळत नाही, साखरेला जोडलेलं ग्वानोसिन लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं. पुण्यात एका ओळखीच्या प्रयोगशाळेनं थोडं देऊ केलं. ते आणायला ती गेली होती. तिच्या पिशवीत शाल, जेवणाचा डबा आणि कापसात गुंडाळलेली अंगठ्याएवढी सीलबंद बाटली मिळाली.

चौदाव्या दिवशी हेर्लेकर सर घरी आले. माणूस वाईट नव्हता. शालनच्या फीसाठी त्यांनी संस्थेत शब्द टाकला होता, तिला कधी अरेतुरे केलं नव्हतं. ते बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले की शालनताईंचं काम वाया जाऊ द्यायचं नाही. त्यांच्या स्मरणार्थ पेपर काढू. पहिलं नाव शालनताईंचं, नंतर सरांचं. त्यांची प्रयोगाची वही तेवढी द्या.

मी उठलो. वही आणायलाच उठलो होतो.

"आकडे जरा नीट करून घ्यावे लागतील," सर म्हणाले.

"नीट म्हणजे?"

"सायटोसिनचा आकडा छापलेल्या आकड्याशी जुळत नाही. बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. उत्तर द्यायला त्या नाहीत."

"उत्तर वहीत आहे, सर."

"वहीत तुमच्या नळीचं चित्र आहे." ते हसले, पण टाकून बोलले नाहीत. "राग मानू नका, डुबल. तुमच्यासारखी काच या जिल्ह्यात कोणी फुंकत नाही. तुम्ही काच बघा, आकडे आम्हाला बघू द्या."

मी परत खाली बसलो. म्हटलं, "तिचे आकडे आहेत तसे छापणार असाल तर वही देतो."

"तसं छापून येणार नाही."

"मग नको येऊ दे."

सर उठले. दारात चपला घालताना म्हणाले, पुढच्या शनिवारी संस्थेत शोकसभा आहे, तेव्हा मी पेपराचं जाहीर करणार आहे, तोवर विचार करा. त्यांच्यामागून शालनचा भाऊ माझ्यावर उखडला. मेलेल्या बहिणीचं नाव छापून येतंय आणि दाजी, तुम्हीच आडवे पडताय. दशांशासाठी.

त्याचं चूक नव्हतं. तिचं नाव छापलेलं मला किती पाहायचं होतं ते त्याला काय सांगणार. पण अकरा वेळा केलेलं काम बाराव्यांदा तिच्यामागं तिच्याच नावानं खोटं करून द्यायचं, हे माझ्या हातून होणार नव्हतं. आकडा मला काढता येत नाही. पण ढग कुठून येतो ते मला माहीत होतं, कारण तो अडवणारी काच मी फुंकली होती.

शनिवारी सकाळी मी रेहानाला गाठलं. म्हटलं, दोन बीकरमध्ये सिल्व्हर नायट्रेटचं पाणी करून दे, दोनदा डिस्टिल केलेल्या पाण्यात. सायटोसिन घालायचं नाही.

"ते मला चांगलं जमतं, मामा," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. काय करणार आहात, असं तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिची पीएच.डी. सरांच्या सहीवर होती. कोणी विचारलं तर द्रावण मीच केलं म्हणायचं, असं मी मनात ठरवलं.

सभागृहात टेबलावर शालनचा फोटो, हार, उदबत्ती. फोटोच्या दोन्ही बाजूंना मी एकेक बीकर ठेवला आणि मागं काळा कागद लावला. एकात साधी दांडी सोडली, दुसऱ्यात माझा अंगरखा घातलेली. शिपायाला वाटलं, तिच्या आवडीच्या वस्तू मांडतोय. त्यानं शेजारी फुलं ठेवली. द्रावणाचे थेंब बोटांवर सांडले होते, त्याचे काळे डाग दुपारपर्यंत उठले. शालनच्या बोटांवर असे डाग कायम असायचे. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, तेव्हा ती म्हणायची, चांदीचे दागिने आहेत.

सभा सव्वा तास चालली. प्राचार्य बोलले, आजी-माजी विद्यार्थी बोलले. मी पहिल्या ओळीत बसून साध्या दांडीकडे पाहत होतो. दहाव्या मिनिटाला तिच्या बुडातून पांढरा दोरा खाली उतरायला लागला, बारीक, सुईत ओवावा तसा. अर्ध्या तासात तळ पांढरा झाला. शेवटी हेर्लेकर सर बोलायला उठले तेव्हा तो बीकर ताकासारखा झाला होता. दुसरा स्वच्छ होता, त्यातून मागचा काळा कागद दिसत होता.

सर चांगलं बोलले. तिच्या चिकाटीबद्दल बोलले, पस्तिसाव्या वर्षी शिकायला घेतल्याबद्दल बोलले. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

"डुबलांनी किती औचित्यानं मांडलंय पाहा," ते म्हणाले आणि पांढऱ्या बीकरकडे हात केला. "हाच तो चांदी आणि सायटोसिनचा साका. शालनताईंनी सहा वर्षं याच्या मागं घालवली. त्यांचं हे काम त्यांच्या नावानं आम्ही छापणार आहोत."

टाळ्या वाजवायच्या की नाही, या घोळात लोक होते. मी जागेवर उभा राहिलो. भाषण मी कधी केलेलं नाही.

"सर, त्यात सायटोसिन नाही," मी म्हणालो.

"काय?"

"त्यात चांदीचं पाणी आहे आणि तुमची दांडी आहे. तिसरं काही नाही. शेजारच्या बीकरमध्येही चांदीचंच पाणी आहे. तिथं दांडीला अंगरखा आहे. साका मिठाचा आहे, सर. सायटोसिनचा नाही. तिनं तुम्हाला हे अकरा वेळा सांगितलं."

सर टेबलाजवळ गेले, वाकले, दोन्ही बीकर निरखले. त्यांचे कान लाल झाले होते.

"हे द्रावण कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्हाला तराजू वापरता येत नाही, डुबल." त्यांचा आवाज हळू होता. "यात काय घातलं आणि काय नाही, ते तुम्हाला कळणार कसं?"

ते खरं होतं. तेवढ्यात मागच्या ओळीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, मी केलंय," रेहाना म्हणाली. "सिल्व्हर नायट्रेट आणि पाणी. सायटोसिन नाही. गेल्या वर्षीही एकदा नव्हतं, मी विसरले होते. तरी ढग आला होता. तुमच्या हातात नेऊन दिला होता मी तो बीकर, आणि तुम्ही छान म्हणालात."

कोणीतरी मागं हसलं आणि लगेच खोकलं. प्राचार्यांना काय करावं ते सुचेना. ते उठले आणि म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. दोन मिनिटं सगळं सभागृह त्या दोन बीकरांकडे पाहत होतं. सरही.

त्या दिवशी सरांनी काही कबूल केलं नाही. पेपर जाहीर झाला नाही आणि निघालाही नाही. कोणी रेहानाला काही बोललं नाही, पण तिचं काम अडायला लागलं. सही आज नाही, उद्या नाही. शेवटी ती दुसऱ्या शहरात दुसऱ्या मार्गदर्शकाकडे गेली. तिची दोन वर्षं वाया गेली. मला त्याचं वाईट वाटतं. तिला म्हटलं तर म्हणते, मामा, ती वर्षं मी चहा सांगण्यात घालवली असती.

आठेक महिन्यांनी कार्यशाळेत मागणीची चिठ्ठी आली. कुठल्याही काचकामासाठी अशी चिठ्ठी यायची: वस्तू, नग, कशासाठी, सही. 'कशासाठी'चा रकाना कोणीच भरत नसे आणि मीही कधी मागत नसे. या चिठ्ठीवर अक्षर हेर्लेकर सरांचं होतं. दांडीसाठी काचेचं बाह्य आवरण, दोन नग. 'कशासाठी' कोरा.

मी चिठ्ठी शिपायाबरोबर परत पाठवली. म्हटलं, रकाना भरून आण.

ती परत आली, 'प्रयोगासाठी' लिहून. मी पुन्हा पाठवली. कसला प्रयोग?

तिसऱ्यांदा आली तेव्हा लिहिलं होतं, 'चांदीच्या मोजमापासाठी'. शिपाई म्हणाला, डुबल, सर चिडलेत, आता बनवून टाका. मी बर्नर पेटवला, नळी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. त्याला सांगितलं, सरांना विचार, त्यात अंगरखा कशाला लागतो, तेवढं लिहा.

दुपारी सर स्वतः आले. माझ्या हातात दुसऱ्या कुणाची काच होती, ज्योतीत. मी बोट वर केलं. ते दारात थांबले. विभागप्रमुख होते, तरी थांबले. काम झाल्यावर त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्याच, माझ्याच पेन्सिलनं, रकान्यात लिहिलं: 'क्लोराइड द्रावणात जाऊ नये म्हणून. सौ. शालन डुबल यांची पद्धत.' खाली सही केली, तारीख घातली. चिठ्ठी ठेवून ते गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगरखे नेऊन दिले. चांगले फुंकले होते.

ही चिठ्ठी माझ्याकडे आहे. तिचं नाव सरांच्या हातानं, सरांच्या सहीनिशी लिहिलेला तेवढाच कागद. तो छापलेला नाही.

सर आता नाहीत. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. रेहाना रत्नागिरीला शिकवते आणि दर मेमध्ये येईन म्हणते, दोघं मिळून करू म्हणते. सायटोसिन, ॲडेनिन, थायमिन हे तीन आकडे वहीत आहेत, खाडाखोड न करता. चौथ्यासाठी शालननं पुण्याला जायच्या आदल्या दिवशी पान आखून ठेवलं होतं. वर 'ग्वानोसिन' लिहिलंय, खाली रकाने. बाटली कपाटात आहे, सील तसंच आहे. ग्वानिनचा आकडा काढायचा राहिला आहे.